आवाज वरचा की खालचा

५ जून

भावजी,

नमस्कार. मी आपणहून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. आहेच काम.

ताईचं पत्र काल आलं. मुलांचे निकाल, तिचं दुखरं मनगट, तुमच्या दुकानासाठी नवं शिवणयंत्र घ्यायचा बेत, असं सगळं झाल्यावर शेवटी एका ओळीत लिहिलंय की बाबा मोटरसायकल विकायला निघालेत. जसं काही जुनं कपाट काढतायत. ती ओळ वाचून मी कारखान्यात गेलो आणि दिवसभर एकाही पंपाचा आवाज डोक्यात शिरला नाही. चालू पंपाला कान लावायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच माझं काम, तेसुद्धा काल धड झालं नाही.

भावजी, ती गाडी मला हवी आहे. बाबा नोकरीभर त्या गाडीवरून विजेच्या तारा तपासत हिंडले आणि शाळेला सुट्टी असली की मी पुढे टाकीवर बसून त्यांच्याबरोबर. पण मी त्यांच्या खात्यात न चिकटता इकडे आलो, तेव्हा ते काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंय. या घरातलं काहीही तुझं नाही, म्हणाले. मीही तडकलो, काही नकोच म्हणालो. तेव्हापासून आमच्यात एक ओळ गेलेली नाही की आलेली नाही. आता माझं नाव निघालं तर ते गाडी रस्त्यावरच्या कुणालाही देतील, पण मला देणार नाहीत.

म्हणून तुम्ही गिऱ्हाईक व्हा. तुमच्या नावावर घ्या, मी नंतर येऊन घेऊन जाईन. किंमत ते म्हणतील ती. मात्र आधी नीट पारखून घ्या. माझा जीव तिच्यात अडकलाय हे खरं, पण इंजिनच संपलं असेल तर नुसता सांगाडा दारात ठेवून मी काय करू? आणि ताईला यातलं काही सांगू नका. तिच्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त अनुभव.

तुमचा
बारक्या


१४ जून

मेहुणेबुवा,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. यंत्रांपैकी मला फक्त सुईचं कळतं. तरी बायकोचा भाऊ म्हणून रविवारी गेलो.

सासरेबुवा अंगणातच होते. गाडी बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, एक स्टूल ओढलं, भिंतीला टेकून बसले आणि हाताची घडी घातली. मी वाट बघतोय की आता काहीतरी सांगतील. छे. त्यांनी म्हणे नियमच केलाय, ज्याला घ्यायची त्याने स्वतः बघायची, आपण चांगलं-वाईट एक अक्षर बोलायचं नाही. बघता येतं त्यालाच द्यायची. माझ्या आधी ड्रॉइंगचे मास्तर आले होते. त्यांनी आल्या आल्या किक मारली, तर सासरेबुवा म्हणाले, "या आता." दुसऱ्या एकाने रंगाची चमक वाखाणली, त्यालाही तसंच वाटेला लावलं.

मी विचार केला, आपल्याला जे कळतं ते आधी बघावं. सीट बघितली. कव्हर हाताने शिवलेलं, दुहेरी टाका, दोऱ्याला मेण लावलेलं. इतकं नेटकं काम की माझ्या कारागिराला आणून दाखवावं. मी मनापासून तसं बोललो. ते उठले, म्हणाले, "जावईबापू, सीट विकायची नाहीये," आणि घरात निघून गेले.

इतकी वर्षं झाली लग्नाला, तुझे वडील माझ्याशी अजून असे बोलतात जसे कपडे कधी मिळणार ते विचारायला दुकानात आलेत. वाईट वाटतं रे. तुला लहानपणी टाकीवर तरी बसवत होते. असो. आता गाडी कशी बघतात ते नीट, पायरीपायरीने लिही. मला शिकाऊ समज.

तुझाच
भावजी


२१ जून

भावजी,

सीट! वाचून डोक्याला हात लावला. पण ते टाके आईचे आहेत, तेव्हा तुमचं अगदीच चुकलं असं नाही.

आता लक्ष देऊन वाचा. गेल्या गेल्या किकला पाय लावायचा नाही. आधी इंजिनाला हाताची मागची बाजू लावायची, तळवा नाही. कामाच्या माणसाचा तळवा निबर असतो, त्याला ऊब कळत नाही. इंजिन गार हवं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे दुखणं झाकलेलं. मग दोन्ही चाकांच्या एकेका तारेवर नखाने टिचकी मारत जायचं. सगळ्या तारा एका सुरात वाजल्या पाहिजेत, एखादी बद्द वाजली तर ती सैल. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि हलवून बघायचं, त्यात खडखड नको. मागे उभं राहून, एक डोळा मिटून, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघायचं. चाकं तिरकी म्हणजे गाडी कधीतरी जोरात आपटलेली.

हे सगळं झाल्यावर किक. धूर निळसर असेल तर इंजिन तेल खातंय. शेवटी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर टेकवा, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा आणि डोळे मिटून ऐका. आवाजाचा अर्थ लावायच्या भानगडीत तुम्ही पडू नका, फक्त कसा येतो, कुठून येतो ते लिहा. काय ते मी इथून सांगेन.

घाई करू नका. कोणी शिकवलं विचारलं तर काहीही सांगा, पण मला लांब ठेवा.

बारक्या


३ जुलै

मेहुणेबुवा,

फत्ते झाली असं समज.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. उलटा हात इंजिनाला लावला आणि मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर सासरेबुवा उभे राहिलेले. मी तारांवर टिचक्या मारायला लागलो, ते हळूहळू जवळ आले. मागच्या चाकात एक तार बद्द वाजली. मी तिच्यावर पुन्हा टिचकी मारली, तर ते म्हणाले, "हं." खिशात स्क्रू ड्रायव्हर नेलाच होता, तो कानामागे लावून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते जसे मला पहिल्यांदाच पाहतायत.

"हे कोणाकडून शिकलात?" म्हणाले. मी सांगितलं, दुकानात एक गिऱ्हाईक येतं, त्याने सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं. मग आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा करून आणला. बशीसकट! आणि म्हणाले, "रविवारी या. एका दिवसात गाडी कळत नाही."

इंजिन गार होतं. धूर नाही. चाकं सरळ आहेत. आवाज मला एकसारखा वाटला, मध्ये काहीतरी टिकटिक आहे, पण ती नीट पकडता आली नाही. पुढच्या वेळी ऐकतो. घरी आल्यावर तुझ्या ताईला फक्त चहाचं सांगितलं, तर ती म्हणाली, बाबांनी चहा केला? तुमच्यासाठी? मी कॉलर ताठ केली.

भावजी


१० जुलै

भावजी,

चहाचं वाचलं. बरं वाटलं.

आईच्या माघारी दोघंच घरात होतो, तेव्हा रोज सकाळचा चहा मी करायचो आणि तो त्यांना कधी पातळ तर कधी कडू लागायचा. त्यांना चहा करता येतो हे मला तुमच्याकडून कळतंय. असो, तो विषय नाही.

पुन्हा रविवारी कशाला बोलावलंय? गाडी बघून झाली ना? किंमत विचारा आणि व्यवहार मिटवा. उगाच रेंगाळलात तर दुसरं कोणीतरी मध्ये येईल. एकदा चालवून बघा म्हणजे झालं. ब्रेक दाबल्यावर कुठल्या बाजूला ओढते का, गिअर आपोआप सुटतो का, तेवढं बघा. बाकी ठीक वाटतंय.

बारक्या


२८ जुलै

मेहुणेबुवा,

उशिराबद्दल रागावू नकोस. हल्ली रविवार दुकानाचा नाही, गाडीचा असतो.

चालवून बघा म्हणालास, पण मला मोटरसायकल येते कुठे? ते मी सासरेबुवांना खरं खरं सांगितलं. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तर ते म्हणाले, "बसा पुढे," आणि स्वतः मागे बसले. मेहुणेबुवा, मला मागे बसवून नाही, मला पुढे बसवून! शाळेमागच्या मोकळ्या मैदानात फेऱ्या मारल्या. तीनदा बंद पाडली, एकदा कुंपणात घातली. एकदाही रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून नुसतं "सोड, सोड, हळू सोड" म्हणत होते. क्लचचं.

मग एका रविवारी कार्बुरेटर खोलला. पाने त्यांनी हातात दिले, मी खोलत गेलो. पेट्रोल जातं त्या जेटच्या बारीक भोकात फुंकर कशी मारायची ते दाखवलं. मी सुया हाताळणारा माणूस, ते काम मला झकास जमलं. "हात चांगला आहे तुझा," म्हणाले. बघ, आता अरे-तुरेवर आलेत. त्यांचा जुना चष्मा दिलाय वाऱ्यासाठी, तो चामडी पट्ट्याचा. आता मी कधीकधी गाडी घेऊन दुकानात जातो. गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघतात. मुलं तर कोण पुढे टाकीवर बसणार म्हणून भांडतात.

किमतीचं विचारलं. "घाई काय आहे?" म्हणाले. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

भावजी


४ ऑगस्ट

भावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला नको होतं.

मी तुम्हाला गाडी बघायला पाठवलं होतं, मिरवायला नाही. पुढे बसवलं म्हणे! मी मिशी फुटली तरी त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसलो नाही, तुम्हाला माहितीये? टाकीवर होतो तो टाकीवरून थेट मागच्या सीटवर गेलो. हँडलला हात लावला की हातावर फटका. पान्यांचा डबा तर देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा, मी नुसता शेजारी उभं राहून बघायचं आणि ऐकायचं. कार्बुरेटर एकदा त्यांना न विचारता उघडला, तर दोन दिवस बोलले नाहीत. आणि तुम्ही गाडी कुंपणात घालता, आणि ते म्हणतात हळू सोड. तो चामडी चष्मा मी मागितला होता. नाही म्हणाले. हरवशील, म्हणाले.

तुम्हाला जे जे येतंय ना, उलटा हात, टिचकी, स्क्रू ड्रायव्हर, ते माझं आहे. मी ते तुम्हाला पत्रातून पाठवलं आणि तुम्ही त्याच्यावर चहा पिताय, चष्मे घेताय. मला इथे रात्रंदिवस एकच दिसतंय, माझी गाडी तुमच्या दुकानासमोर उभी आहे आणि तुम्ही तिच्यावर कोपर टेकवून गिऱ्हाइकांशी गप्पा मारताय. हो, जळतोय मी. स्पष्टच सांगतो.

ती टिकटिक कसली होती? ऐकतो म्हणाला होतात. ते तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलंत.

बारक्या


१३ ऑगस्ट

बारक्या,

एवढं तिखट पत्र मला आजवर उधारीवाल्यानेसुद्धा लिहिलं नव्हतं. पण मी मोठा आहे, आणि अर्धं खरं आहे, म्हणून गिळतो.

आवाज नीट ऐकला, गार इंजिनावर आणि गरम इंजिनावर. टिकटिक आहे. इंजिनाच्या वरून येते, टाकीच्या लगेच खालून. हलकी, एकसारखी, कोरडी. आमच्या यंत्रात सुईला तेल कमी पडलं की जसा आवाज येतो, अगदी तसा. वेग वाढवला की टिकटिकही जलद होते. खालून काही जड वाजत नाही. स्क्रू ड्रायव्हर खाली टेकवून बघितला, तिथे नुसती घरघर. सासरेबुवाही ऐकत होते, पण नियम म्हणजे नियम, काही बोलले नाहीत.

आता एक गोष्ट लिहितो, रागावणार असशील तर रागाव. तू तिकडे एका खोलीत राहतोस, गाडी ठेवायला जागा नाही. इथे मला तिची सवय झालीये. ती गाडी मलाच राहिली तर? तुला आपण दुसरी चांगली बघू, आता मला बघता येते. सासरेबुवांच्या मनातही तेच असावं असं मला वाटतं. परवा ते गाडी पुसताना म्हणाले, घरातच राहिली म्हणजे बरं. ते माझ्याकडे बघूनच म्हणाले.

तू नाही म्हणालास तर मी हट्ट धरणार नाही. पण नीट विचार करून सांग.

भावजी


१९ ऑगस्ट

भावजी,

विचार केला.

तो आवाज क्रँकचा आहे, इंजिनाच्या तळातल्या मुख्य दांड्याचा. वरून येतोय असं तुम्हाला वाटतं, पण मूळ खालीच असतं, आवाज इंजिनातून वर चढतो. नवख्या माणसाला ते कळत नाही. आज टिकटिक आहे, पुढे ठोके पडतील आणि एक दिवस चालत्या गाडीत इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकेल. मुलांना पुढे बसवता म्हणालात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

गाडी घेऊ नका. तुमच्यासाठी नको आणि माझ्यासाठीही नको. संपलेली आहे ती. बाबांना असंच सांगा, याच शब्दांत. इतके महिने दुसऱ्याच्या अंगणात बसून गाडी पारखली, आता निकाल सांगायला लाजू नका.

बारक्या


१५ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र आल्यावर मी तीन रविवार गेलोच नाही. काय तोंडाने सांगू कळेना. शेवटी तेच दुकानात आले. मी कापड कापत होतो. कात्री खाली ठेवली आणि तुझे शब्द सांगितले, क्रँकचा आवाज आहे, गाडी संपलेली आहे.

ते उंबऱ्यातच उभे होते. म्हणाले, "हे तुझं म्हणणं, की त्याचं?"

मी म्हटलं, कोणाचं?

"ज्याने तुला उलटा हात लावायला शिकवलं, त्याचं."

मग मी काय लपवणार? म्हटलं, त्याचं. ते म्हणाले, "मग झालं."

मी त्यांच्या मागोमाग घरी गेलो. त्यांनी गाडी चालू केली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, मला आपलं वरचं टॅपेट सैल वाटत होतं, किरकोळ दुखणं, तो क्रँक म्हणतो तर माझेच कान गेले असतील. बारक्या, मी गयावया केली. म्हटलं, राहू द्या नुसती अंगणात, चालवणार नाही. तर म्हणाले, नको, ती नजरेसमोर नको. दुसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. वजनावर गेली गाडी. सासरेबुवा घरातच बसून राहिले, बाहेर आले नाहीत.

आता ऐक. मी त्या भंगारवाल्याकडे गेलो होतो, निदान ते सीटचं कव्हर मिळेल म्हणून. ते मिळालं. इंजिन त्याने खोलून टाकलं होतं. मला क्रँक दाखवून म्हणाला, असा माल रोज आणा, नव्यासारखा आहे. टॅपेट थोडे सैल होते, बस्स. एका पान्याचं काम. तू पंपाला कान लावून पगार घेतोस. हे तुला माझ्या पत्रावरून कळलं नसेल, असं मला सांगू नकोस.

तुला खूप बोलायचं होतं, पण माझेही हात स्वच्छ नाहीत. त्या प्रत्येक रविवारी सासरेबुवा तुझ्याबद्दलच बोलायचे. तार वाजली की, बारक्याने ही चाकाजवळ न जाता ओळखली असती. जेट साफ झाला की, एकदा त्याने न विचारता खोलला होता, माझ्यापेक्षा नीट जोडला. टाकीला कान लावून झोपायचा आणि इंजिनात बिघाड असला की जागा व्हायचा, असं सांगायचे. मैदानात मला मागून "हळू सोड, बारक्या" म्हणायचे आणि चूक त्यांच्या लक्षातही यायची नाही. पहिल्याच दिवशी, मी उलटा हात लावला तेव्हाच, त्यांनी ओळखलं होतं की मागे तू आहेस. पुढचं सगळं ते तुझ्याशी बोलत होते. मी मध्ये नुसतं पाकीट होतो.

यातलं एक अक्षर मी तुला कळवलं नाही. चहा कळवला, चष्मा कळवला, हे नाही. म्हटलं, त्याला एवढं आहे, मला थोडं तरी असू दे. तू माझ्यावर जळत होतास आणि मी इथे दर रविवारी तुझ्यावर जळत होतो. माझे सगळे रविवार एकीकडे आणि तुझी एक ओळ एकीकडे. तुझ्या ओळीवर त्यांनी गाडी मोडीत काढली. माझ्या सांगण्यावरून त्यांनी साधी खुर्चीसुद्धा हलवली नसती.

क्रँकचं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते आता कान गेले म्हणून कोणाशी फार बोलत नाहीत, तुझी ताई त्यांच्याशी ओरडून बोलते. मी खरं सांगितलं तर तू खोटा ठरतोस, नाही सांगितलं तर ते बहिरे ठरतात. मला यात घालू नकोस. इथून पुढे तुझं पत्र तू थेट त्यांना लिही.

भावजी


२३ सप्टेंबर

ती. बाबांना,

नमस्कार.

तुमचे कान चांगले आहेत. टॅपेटच होते. भावजींनी आवाज इतका बरोबर लिहिला होता की मला पत्र वाचताना ऐकू आला. तरी मी क्रँक लिहिलं.

गाडी मला हवी होती. भावजींना पाठवलं ते मीच. मग तुम्ही त्यांना पुढे बसवलंत, पाने दिलेत, चष्मा दिलात, आणि मला ते बघवेना. वाटलं, माझ्या जागेवर दुसरा बसलाय आणि तुम्हाला तो आवडतोय. मला नाही तर त्यांनाही नको, एवढंच डोक्यात होतं. ती तुम्ही भंगारात द्याल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझं कोणी इतकं ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणखी काय लिहू कळत नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण कान गेले असं समजू नका.

बारक्या


४ ऑक्टोबर

चि. बारक्या,

आशीर्वाद. पत्र पोचले.

टॅपेट आहेत हे मला ठाऊक होते. कानांचे जावईबापूंना सांगितले, कारण त्यांच्यापुढे काहीतरी सांगणे भाग होते. तुझ्या ताईला आता हळू बोलायला सांग, डोके दुखते.

तू आवाजाला चुकत नाहीस. तेव्हा टॅपेटला क्रँक म्हणालास म्हणजे तुला गाडी नको आहे, इतकेच मी समजलो. पहिल्या दिवशी जावईबापूंनी हात लावला तेव्हा कळले होते की तू मागतो आहेस. मग विकायचा विचार सोडला. ते शिकले म्हणजे तू येईपर्यंत गाडी चालती राहील, म्हणून त्यांना पुढे बसवले. तू न येता नको म्हणालास. तुझ्यासाठी ठेवलेली वस्तू तुलाच नको, तर रोज बघत कशाला बसायचे, म्हणून काढून टाकली.

तुला मी कधी पुढे बसू दिले नाही, ही तुझी तक्रार जावईबापूंनी सांगितली. खरे आहे. तू टाकीवर असलास की माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये असायचास. मागे बसायला लागलास तेव्हापासून मला तू दिसत नव्हतास. पुढे बसवले असते तर निघून जाशील असे वाटायचे. तसाही गेलासच.

रजा मिळेल तेव्हा ये. कोणत्या गाडीने येतोस ते आधी कळव. स्टँडवर घ्यायला येईन, चालत येईन.

बाबा